मुळांतला लाल रंग आणि रंगरेजाचा हुनर

दुधनी हे अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचे बाजारगाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते वसलेले आहे आणि थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच तोंडून ऐकू येतात. आमच्या या भागातल्या उर्दू शाळांच्या हजेरीपटावर मोमीन, पिंजारी, अत्तार, रंगरेज अशी आडनावे असतात. शिक्षक ती रोज उच्चारतात. पण रंगरेज म्हणजे नेमके काय काम, असे वर्गात विचारले तर 'कपडे रंगवणारा' यापलीकडे उत्तर येत नाही. रंग कशाचा, तो यायचा कोठून, आणि तो धंदा गेला कुठे? हा इतिहास पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून तो आपणच सांगितला पाहिजे.

निळा रंग निळीच्या पानांतून मिळत असे. पक्का लाल मात्र बहुतेक करून जमिनीखालून, झाडांच्या मुळ्यांतून यायचा. त्यात आपल्याकडे दोन नावे मोठी: मंजिष्ठ आणि आल. मंजिष्ठेला उर्दूत मजीठ म्हणतात, अरबीत फुव्वा आणि फारसीत रूनास. सह्याद्रीच्या जंगलात ती वेलीसारखी वाढते. आल हे मात्र काळ्या जमिनीचे पीक. त्याला सुरंगी असेही म्हणत. याच जातीतले एक झाड बारतोंडी या नावाने आपल्याकडे ओळखले जाते आणि त्याच्या फळाचा रस आज 'नोनी' म्हणून बाटलीतून विकला जातो. मुळ्यांचा उपयोग मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे.

खानदेश, वऱ्हाड आणि बुंदेलखंडात आलची मुद्दाम लागवड होई. बी पेरल्यावर साधारण तीन वर्षे वाट पाहायची आणि मग खोल खणून मुळ्या काढायच्या. त्यातही बारीक मुळ्यांना किंमत जास्त, कारण रंग सालीत असतो आणि जाड मुळात लाकूडच अधिक. आलने रंगवलेल्या जाड्याभरड्या लाल कापडाला खारवा म्हणत. गाद्यांच्या खोळी आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची वेष्टणे या कापडाची असत. म्हणजे हा लाल रंग फक्त नवरीच्या ओढणीचा नव्हता, तो रोजच्या वापराचा, गरिबाच्या घरातलाही होता.

पण मुळी उकळली आणि कापड बुडवले, इतके हे काम सोपे नव्हते. सुती धागा लाल रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून आधी कापड तेल आणि खार यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा मळायचे, वाळवायचे, धुवायचे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे. त्यानंतर तुरटी. तुरटी धाग्याला आणि रंगाला एकमेकांशी बांधते. शेवटी आलच्या भुकटीबरोबर मंद आचेवर उकळायचे. तुरटीऐवजी लोखंडाचे पाणी वापरले की तोच रंग काळपट जांभळा होतो. एकाच हंड्यातून दोन रंग काढण्याची ही किमया छपाई करणाऱ्यांना चांगली ठाऊक होती.

या विद्येची परीक्षा एकदा स्कॉटलंडमध्ये झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरंगीच्या मुळ्या ग्लासगोला गेल्या. तिथल्या छपाईवाल्यांनी नेहमीच्या पद्धतीने त्या वापरून पाहिल्या आणि हा रंगच नव्हे, असा निकाल दिला. १८४८ मध्ये थॉमस अँडरसन या रसायनशास्त्रज्ञाने या मुळ्यांतले रंगद्रव्य वेगळे केले. तेल-खाराने आधी तयार केलेल्या कापडावर ते उत्तम बसते, असे त्याला आढळले. दोष मुळीचा नव्हता. मुळी जहाजाने गेली होती, रंगरेजाचे हात मात्र इथेच राहिले होते.

हे हात फार जुने आहेत. मोहेंजोदडोच्या उत्खननात मंजिष्ठवर्गीय रंगाने रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ, फुस्तात येथे, मध्ययुगीन भारतीय छापील कापडाचे असंख्य तुकडे सापडले. त्यांतल्या अनेकांवरचा लाल अजून टिकून आहे. दुधनीपासून जवळच असलेले गुलबर्गा १३४७ मध्ये बहमनी राज्याची राजधानी झाले. पुढे बिदर, विजापूर, गोवळकोंडा अशा राजधान्या उभ्या राहिल्या. त्या दरबारांचा इतिहास आपण वाचतो. तंबू, पताका, पगड्या रंगवणाऱ्यांचा कोणी लिहिला नाही. हे काम एकाच जमातीचेही नव्हते. आपल्यात रंगरेज आणि छिपा, हिंदूंमध्ये भावसार, रंगारी आणि निराळी. धर्म वेगळे, पण हातांना लागलेला रंग एकच.

मग हे सारे गेले कसे? १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठवर्गातले अलिझरीन हे लाल द्रव्य डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थातून तयार केले. पुढच्याच वर्षी त्याची पेटंटे निघाली आणि कारखान्यांत उत्पादन सुरू झाले. मौज अशी, की अलिझरीन हे नाव पूर्वेकडच्या व्यापारातल्या 'अलिझारी' या शब्दावरून आले आणि तो शब्द अरबी असल्याचे सांगतात. नाव आपल्याकडचे, माल जर्मनीचा! १८७१ पर्यंत मुंबई ते रायचूर रेल्वेही जोडली गेली होती. तीन वर्षे जमीन अडवून ठेवणारे आल, डब्यातून येणाऱ्या स्वस्त लाल रंगापुढे टिकणे शक्य नव्हते. शतक संपेपर्यंत त्याची शेती बहुतेक ठिकाणी मोडली. १९१४ च्या महायुद्धात जर्मन रंग येणे बंद झाले आणि भाव कडाडले. पण तोवर मुळ्यांची शेते उरली नव्हती आणि ती एका हंगामात उभी होत नाहीत.

शेतकऱ्याने पीक बदलले. रंगरेजाचे काय? कोणी डब्यातला रंग वापरू लागला, कोणी गिरणीत गेला, कोणी हमाली पत्करली. धंदा सुटला, आडनाव राहिले. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने हाच धागा हाती धरला. पूर्वजांच्या व्यवसायाचा पुरावा मिळाला तर मुलाला दाखला मिळतो, शिक्षणाची वाट थोडी सोपी होते. ज्या नावाची काही घरांत लाज वाटू लागली होती, तेच नाव जुन्या कागदांत शोधण्याची वेळ आली.

लाज वाटण्यासारखे त्यात काय आहे? कच्छमधले मुस्लिम खत्री कारागीर आजही अजरख छापतात. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढले आणि रंग बिघडू लागले, तेव्हा त्यांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. पाण्यासाठी गाव बदलणारी ही माणसे विद्यापीठात शिकली नव्हती, पण पाणी कसे ओळखावे हे त्यांना ठाऊक होते. ओडिशातल्या कोटपाड येथे आलच्या मुळ्यांनी सूत रंगवले जाते आणि २००५ मध्ये त्या कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले.

सगळ्यांनी पुन्हा हंडे चढवावेत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण आपल्या मुलांना एवढे तरी कळावे की, 'रंगरेज' हा केवळ दाखल्यावरचा शब्द नाही. तुरटी, तेल आणि मुळी यांचे नाते कागदावर न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या माणसांचे ते नाव आहे. ज्या घरांत एखादी आजी-नानी अजून रंगाच्या हंड्याची गोष्ट सांगू शकते, तिथे ती आजच लिहून घ्यावी. दाखल्यासाठी नव्हे, तर आपल्या कष्टाचा इतिहास आपल्याच भाषेत असावा म्हणून.