विद्यापीठाने चालविलेली शाळा

सावलीच्या इतिहासात 1936 हे साल गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाचे म्हणून नोंदले गेले आहे. खादीचे केंद्र म्हणून आमच्या गावाचा लौकिक होता आणि त्या अधिवेशनास स्वतः गांधीजी येऊन राहिले होते. त्याच वर्षी पुण्याच्या एका महिला विद्यापीठाने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. ह्या वार्तेने सावलीत कोणाचे लक्ष वेधले असेल असे वाटत नाही. आज मात्र तेच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ आमच्या जिल्ह्यात बल्लारपुरास आले आहे, व मुलीस तेथे धाडावे की नाही हा प्रश्न आपल्या ज्ञातीतील आईबापांपुढे उभा आहे. म्हणून त्याच्या जन्माची हकीकत येथे सांगणे आम्हास अगत्याचे वाटते.

धोंडो केशव कर्वे ह्यांनी 1893 साली गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांस वाळीत टाकले, आणि घरच्यांनी थारा दिल्यास त्यांच्यावरही बहिष्कार घालण्याचे ठरविले. हा निर्णय देणारी माणसे परकी नव्हती. ती ज्ञातीचीच होती. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हास संकोच होतो, परंतु ते गाळून पुढची गोष्ट सांगता येणार नाही. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. 1900 साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. फर्गसन कॉलेजातील गणिताचे अध्यापन संभाळून कर्वे तेथे पायी जात. 1907 मध्ये कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघाले, तेव्हा पटावर सहा मुली होत्या.

पुढे जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. तोकियोतील ती संस्था 1901 साली निघाली तेव्हाच तिने आपल्या अंगाशी मुलींची शाळा जोडून घेतली होती. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून कर्व्यांनी आपला बेत मांडला आणि 1916 च्या जूनमध्ये विद्यापीठ उभे राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे पहिले कुलपती. विद्यार्थिनी पाच!

खरी अडचण येथेच होती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, आणि सरकारची मान्यता नाही. (इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवावा की नाही, ह्यावर मात्र गांधीजींचा व कर्व्यांचा मतभेद झाला.) इंग्रजीतून मॅट्रिक झालेल्या मुलीने येथे का यावे? तेव्हा आपल्या प्रवेशपरीक्षेस बसणाऱ्या मुली ह्या विद्यापीठास स्वतःच तयार करणे भाग पडले. आरंभी हिंगण्याच्या शाळेने तो भार वाहिला. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लक्ष रुपये देऊ केले, आणि पुढे पुण्यास व मुंबईस विद्यापीठाने स्वतःच्या कन्याशाळा चालविल्या. शाळा काढणे हे विद्यापीठाचे काम नव्हे असे म्हणणारे त्या काळीही असतील. पण हे विद्यापीठ शाळेवाचून जगलेच नसते. कायद्याने त्यास मान्यता 1949 साली मिळाली व 1951 पासून ती अमलात आली. तोवर ज्या पालकांनी मुलींस तेथे पाठविले, त्यांनी सरकारदरबारी न चालणाऱ्या पदवीसाठी पाठविले. त्या पालकांविषयी आम्हास फार आदर वाटतो.

उणीवही सांगितली पाहिजे. आश्रमात प्रथम आलेल्या विधवा बहुतेक ब्राह्मण घरांतील होत्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी 1848 मध्येच पुण्यात मुलींची शाळा उघडली होती, आणि बहुजनांच्या मुलींचा प्रश्न तेव्हापासून पुढ्यात होता. कर्व्यांस ही जाणीव उशिरा, पण निश्चित झाली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे पुन्हा 1936 सालीच, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापिले, आणि 1944 मध्ये समता संघ.

आता आमच्यापुरते. सावलीहून मूल, चंद्रपूर करीत बल्लारपूर गाठावे लागते. रोजची ये-जा मुलींस झेपणारी नाही. हिंगण्यास आधी निवाऱ्याची झोपडी उभी राहिली, हे ध्यानी घेऊन ज्ञातिमंडळाने बल्लारपुरास दहा मुलींच्या राहण्याची सोय करावी, अशी सूचना आम्ही करतो. पुढील वार्षिक सभेत हा विषय पहिला घ्यावा.