काठ, निऱ्या आणि छायाचित्र

एखादी स्त्री नवें लुगडें नेसून छायाचित्रकारापुढें उभी राहते, त्या वेळीं त्या एका चित्रांत किती जणांचे श्रम एकत्र आलेले असतात, याचा विचार पाहणारा सहसा करीत नाहीं. सूत रंगविणारा रंगारी, काठ विणणारा कोष्टी, कापड निवडणारा व्यापारी, निऱ्या सारख्या करून देणारी शेजारीण, उजेड पारखणारा छायाचित्रकार आणि शेवटीं चित्र छापणारा मुद्रक, इतक्यांचा हात लागल्यावांचून वेशाचें चित्र सिद्ध होत नाहीं. आजच्या वेशभूषेच्या मासिकांत यांपैकीं पुष्कळांचीं नांवें चित्राशेजारीं छापतात. परंतु हिंदुस्थानांतील वस्त्रें आणि तीं नेसण्याच्या रीती यांचें एक मोठें दर्शन १८६६ सालीं जगापुढें मांडण्यांत आलें, तेव्हां असा रिवाज नव्हता. त्या दर्शनाची आणि त्यांत सामील झालेल्या नागपुरी कापडाची हकीकत ध्यानांत घेण्यासारखी आहे.

या कामाचा सूत्रधार जॉन फोर्ब्स वॉटसन हा होता. जन्मानें स्कॉटिश व शिक्षणानें वैद्य असलेला हा गृहस्थ मुंबईच्या लष्करी वैद्यक खात्यांत नोकरी करून विलायतेस परतला आणि पुढें लंडनच्या इंडिया म्यूझियमचा प्रमुख झाला. हिंदुस्थानी वस्त्रांचे ७०० नमुने निवडून ते त्यानें १८ खंडांत चिकटविले. अशा अठरा खंडांचे २० संच तयार झाले. १३ ब्रिटनमध्यें राहिले व ७ हिंदुस्थानांत आले. त्यासाठीं अखंड वस्त्रांवर कात्री चालवून सारखे तुकडे करावे लागले. नेसण्यासाठीं विणलेलें लुगडें असें कोणाच्या अंगाला न लागतां वहींत जाऊन बसलें. या खंडांच्या जोडीला १८६६ सालीं वॉटसननें एक स्वतंत्र ग्रंथ काढला आणि हीं वस्त्रें माणसें कशीं नेसतात, हें त्यांत चित्रांच्या व छायाचित्रांच्या साह्यानें दाखविलें.

नुसत्या छायाचित्रांवर त्याचें काम कां भागलें नाहीं? याचें उत्तर त्या काळच्या छायाचित्रणाच्या रीतींत आहे. १८५१ सालीं निघालेल्या पद्धतीप्रमाणें कांचेवर कोलोडिअनचा लेप देऊन ती रुप्याच्या क्षारांत बुडवीत, आणि ती वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन धुवून काढावें लागे. बसणाऱ्यानें कित्येक सेकंद निश्चल राहावें म्हणून त्याच्या मानेमागें लोखंडी टेकू देत. पण याहूनहि मोठी अडचण रंगाची होती. ती कांच निळ्या उजेडाला फार लवकर पकडी, तांबड्याला मात्र जवळजवळ आंधळीच होती. त्यामुळें निळें वस्त्र फिकें उतरे आणि तांबडा काठ काळा पडे. ज्या काठासाठीं गिऱ्हाईक पैसे मोजी, त्याचा रंगच छायाचित्रांत मरून जाई.

उलट, नुसता तुकडाहि मुका होता. नऊ वारी लुगडें हें शिवलेलें वस्त्र नव्हे. तें मागावरून उतरतें तेंच नेसावयास तयार असतें. त्याला आकार येतो तो नेसणारीच्या हातांनीं. कासोटा कसा घालावा, पदर कोणत्या खांद्यावरून घ्यावा, काठ पावलाशीं कसा उतरावा, हें चिकटविलेल्या तुकड्यावरून परदेशांतल्या माणसाला कसें कळणार? तुकड्यानें रंग व पोत सांगावा आणि चित्रानें नेसण सांगावी, अशी ही जोडी होती. यांतील एकाला वगळून दुसऱ्याचें काम पुरें होत नसे.

छायाचित्राची ही कला तेव्हां आपल्याकडेहि आली होती. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण, यांनीं या कलेंत नांव मिळविलें. त्याच शहरांत विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील नाना जातींच्या लोकांचीं छायाचित्रें १८६३ आणि १८६६ या सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील पुष्कळ माणसांचीं चित्रें चित्रशाळेंत घेतलेलीं असून मागची इमारत किंवा देखावा निराळा घेऊन जोडलेला आहे. तीं चित्रें खोटीं नव्हतीं, पण रचलेलीं होतीं. आणि रचनेला अनेक हात लागतात. चित्राखालीं मात्र बहुधा जातीचें नांव येई, माणसाचें नव्हे.

नागपूरकडे पाहिलें असतां या गोष्टीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले वारले आणि लगेच राज्य खालसा झालें. दरबाराच्या पागोट्यांना, धोतरजोड्यांना व लुगड्यांना मिळणारा मोठा आश्रय गेला. तरी नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा येथील कोष्ट्यांचे माग चालूच होते. अंगाला बारीक सूत आणि काठाला रेशीम, ही त्यांच्या कामाची ओळख. १८६३ सालीं नागपुरास संग्रहालय निघालें, तेंच लोकांचें अजब बंगला. आणि १८६५ च्या डिसेंबरांत सर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानींत तेथें मोठें प्रदर्शन भरलें. वॉटसनच्या संग्रहांतहि नागपूरचें कापड गेलें.

हा सर्व खटाटोप केवळ कौतुकासाठीं नव्हता. विलायतेच्या कारखानदारांनीं हिंदी गिऱ्हाइकांची आवड शिकावी, हा वॉटसनचा उघड हेतु होता. मात्र त्यानें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली: उंची, कलाकुसरीच्या वस्त्रांत यंत्राला फारसा वाव नाहीं, खरा बाजार गरिबांच्या साध्या कापडाचा आहे. पुढें तसेंच घडलें. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एंप्रेस मिल तेथें सुरू झाली. साधें कापड गिरणीचें झालें. परंतु १९१६ सालीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांहि कोष्टी ही रेशमाची व बारीक सुताची वस्त्रें विणणारी जात म्हणूनच त्यांत नोंदली गेली. कांचेला जो काठ पकडतां आला नाहीं, तो यंत्रालाहि लवकर पकडतां आला नाहीं. आणि त्या काठाच्या आडोशानेंच पुष्कळ माग दीर्घकाळ तगले.

असें असतां त्या काठाच्या कर्त्याचें काय झालें? वॉटसनच्या नमुन्यांखालीं वस्त्राची लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि तें कोठून आलें, हें काळजीपूर्वक लिहिलेलें असे. गिऱ्हाइकाची आवड ओळखण्यास एवढें पुरे होतें. ग्रंथकाराचें नांव मुखपृष्ठावर आलें, मुद्रकाचें आलें. ज्यानें तें वस्त्र विणलें आणि जिनें तें नेसून दाखविलें, त्यांचीं नांवें कोणी विचारलीं नाहींत, म्हणून आज तीं शोधूनहि सांपडत नाहींत. लांबी, रुंदी, वजन, किंमत व ठिकाण, या पांच गोष्टी ज्या हातानें लिहिल्या, त्याला सहावी लिहावयास आणखी एक ओळ पुरली असती.