रूट कॅनालनंतरची ‘पोस्ट’ सैल का होते? सिमेंट कसं भरलं, यावर बरंच अवलंबून

मोहनखेडा (जि. धार) : मोहनखेडा-राजगड भागातून दातांच्या मोठ्या कामासाठी इंदूरला जायचं, तर एका बाजूचाच प्रवास सुमारे शंभर किलोमीटरचा. एवढं करून बसवलेली कॅप पोस्टसकट हातात आली, तर पुन्हा तीच फेरी. म्हणून पोस्ट कशामुळे टिकते, हे पेशंटलाही माहीत असलेलं बरं.

पोस्ट म्हणजे काय?
रूट कॅनाल झालेल्या दाताचा वरचा भाग फारसा उरला नसेल, तर कॅपला आधार मिळत नाही. अशा वेळी मुळाच्या नळीत धातूची किंवा फायबरची बारीक दांडी बसवतात. तीच पोस्ट. तिच्यावर दाताचा गाभा उभारून वर कॅप चढवतात. पोस्टमुळे मूळ मजबूत होतं, हा गैरसमज आहे. तिचं काम गाभा धरून ठेवणं एवढंच.

आधी नळीची सफाई
पोस्टसाठी नळीतलं गटापर्चा काढतात. मुळाच्या टोकाशी 4 ते 5 मि.मी. राखून ठेवतात. भिंतींवर त्याचे कण राहिले, तर सिमेंट दाताला नीट धरत नाही. नळी धुण्याचं हायपोक्लोराइट किंवा लवंगतेलातलं युजेनॉल मागे राहिलं, तर रेझिन सिमेंट नीट कडक होत नाही. म्हणून शेवटी पाण्याने धुऊन कागदी काड्यांनी नळी टिपून घेतात.

सिमेंट कुठे लावायचं?
सिमेंट फक्त पोस्टला लावून ती आत सरकवली, तर तळाशी हवा अडकून पोकळी राहू शकते. बारीक नळीच्या टोकाने तळापासून वर भरत आलं, की हवा बाहेर पडते. झिंक फॉस्फेट सिमेंट फिरत्या स्प्रिंगने भरण्याची पद्धत जुनी आहे. पण काही रेझिन सिमेंट स्प्रिंगने लवकर घट्ट होतात आणि पोस्ट अर्ध्यातच अडकू शकते. म्हणून प्रत्येक सिमेंटच्या सूचना पाळाव्या लागतात.

लाइटचा प्रकाश नळीच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे प्रकाशाशिवायही आतून घट्ट होणारं ‘ड्युअल क्युअर’ सिमेंट वापरतात. ते घट्ट होईपर्यंत पोस्ट हलता कामा नये.

सगळा भार सिमेंटवर नको
पोस्टची लांबी पुरेशी हवी, ती नळीत नीट बसायला हवी. हिरडीच्या वर सुमारे 2 मि.मी. निरोगी दात सगळीकडून उरला आणि कॅपने त्याला कडं घातलं, तर काम जास्त टिकतं.

सैल झाली तर?
कॅप हलत असेल तर त्या बाजूने चावू नये. घरच्या घरी फेविक्विक लावून ती चिकटवू नये. निघालेला तुकडा डबीत ठेवून लवकर डेंटिस्टकडे जावं. उशीर झाला तर लाळेतले जंतू नळीत उतरतात आणि हलणारी पोस्ट मुळाला तडा देऊ शकते. मूळ उभं चिरलं, तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो.