मनगटावरचा लाल पट्टा

'रिव्हर रेड' नावाचा १९८२ सालचा एक गेम आहे. वरून दिसणारी नदी, एक छोटं विमान, समोर येणारी जहाजं आणि पूल उडवत पुढे जायचं, मध्येमध्ये इंधन भरायचं. बास. कॅरोल शॉ या प्रोग्रामर बाईंनी तो अटारीच्या कन्सोलसाठी लिहिला. अख्खा गेम ४ किलोबाइटचा. तुमच्या फोनवर सकाळी आलेला गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

पश्चिम जर्मनीत मुलांसाठी घातक पुस्तकं आणि चित्रपट हुडकून काढणारं एक सरकारी मंडळ होतं. १९८४ साली या मंडळाने 'रिव्हर रेड'ला आपल्या यादीत टाकलं. कारण काय, तर हा गेम म्हणजे मुलांना दिलेलं एक प्रकारचं लष्करी प्रशिक्षणच आहे. यादीत नाव गेलं की त्या वस्तूची जाहिरात करायची नाही, ती दुकानात उघड्यावर मांडायची नाही आणि मुलांना विकायची नाही. 'रिव्हर रेड'चं नाव त्या यादीतून निघायला २००२ साल उजाडलं. तोवर तो खेळून वाढलेली पोरं आईबाप झाली होती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या ऑगस्टमध्ये, मी याच देशात भरलेल्या गेम्सकॉमला गेलो होतो. कोलोन शहरातल्या या जत्रेला त्या वर्षी ३ लाख ५७ हजार माणसं आली. ४ किलोबाइटच्या गेमला घाबरणारा देश इथवर कसा आला, हा प्रश्न मला रांगेत उभं राहून पडला. रांगेत वेळ भरपूर असतो.

उत्तर शोधायचं तर आधी जर्मनीचे दोन तुकडे समजून घ्यावे लागतात. १९८५ साली पश्चिम जर्मनीने कायदा केला, की व्हिडिओ गेमची मशिनं अठरा वर्षांखालच्या मुलांना पोचता येईल अशा सार्वजनिक जागी ठेवायची नाहीत. जपान-अमेरिकेतली एक पिढी नाणी टाकून खेळत मोठी होत होती, तेव्हा तिथल्या पोरांना आर्केडचं दार बंद झालं. गंमत अशी, की भिंतीच्या पलीकडे, कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत, साधारण त्याच काळात सरकारी कारखान्याने स्वतःचं आर्केड मशिन बनवलं. त्याचं नाव 'पॉली-प्ले'. आत पाश्चात्त्य प्रोसेसरची देशी नक्कल, आणि 'पॅकमॅन'च्या धर्तीवर ससा आणि लांडगा.

माझ्या पुढे रांगेत उभे असलेले साठीकडे झुकलेले गृहस्थ मूळचे पूर्वेकडचे निघाले. मुलीसोबत आले होते. मी 'पॉली-प्ले'चं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. एका खेळाला पन्नास फेनिग लागायचे, म्हणाले, आणि सुट्टीच्या मुक्कामी खिशात तेवढेच असायचे. मला आमच्या गल्लीतला सायबर कॅफे आठवला. वीस रुपये तास, आणि घड्याळाकडे डोळे लावून बसलेला मालक.

पूर्वेतल्या लाइपझिग शहराला जत्रांची जुनी सवय. तिथल्या व्यापारी जत्रेचा इतिहास ११६५पासून मोजतात. जर्मनीतला गेमचा पहिला मोठा मेळावा, 'गेम्स कन्व्हेन्शन', याच शहरात २००२च्या ऑगस्टअखेर भरला. त्याच्या चारच महिने आधी, २६ एप्रिलला, शेजारच्या राज्यातल्या एरफुर्ट शहरात एका माजी विद्यार्थ्याने आपल्या शाळेत शिरून १६ जणांना गोळ्या घातल्या होत्या. तो नेमबाजीचे गेम खेळायचा, हे बाहेर आल्यावर वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी 'किलर गेम' हा शब्द उचलून धरला. 'काउंटर-स्ट्राइक'वर बंदी घाला, अशी मागणी झाली.

विचार करा, अशा वातावरणात गेमची जत्रा भरवायची म्हणजे काय. मला त्या वेळच्या दोन निर्णयांचं फार कौतुक वाटतं. पहिला त्याच जुन्या मंडळाचा. सगळा देश संतापलेला असताना त्यांनी 'काउंटर-स्ट्राइक' तपासला आणि त्याला यादीत टाकायला नकार दिला. दुसरा निर्णय कायद्याचा. १ एप्रिल २००३पासून प्रत्येक गेमच्या खोक्यावर वयाचं लेबल बंधनकारक झालं. सर्वांसाठी पांढरं, सहा वर्षांपुढे पिवळं, बारापुढे हिरवं, सोळापुढे निळं, अठरापुढे लाल. गेम चांगला की वाईट, हे लेबल सांगत नाही. कुणासाठी, एवढंच सांगतं.

वाद तिथे संपला नाही. २००९च्या मार्चमध्ये विनेन्डेन गावात पुन्हा शाळेत गोळीबार झाला आणि पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. पण तोवर जमीन बदलली होती. २००८ साली जर्मन सांस्कृतिक परिषदेने गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेला आपल्यात घेतलं होतं, म्हणजे लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या पंगतीत पाट मिळाला होता. २००९मध्येच सरकारच्या पाठिंब्याने गेमसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. त्याच वर्षी ही जत्रा लाइपझिगहून कोलोनला आली आणि तिचं नाव गेम्सकॉम झालं. २०१७ साली तिचं उद्घाटन करायला चॅन्सेलर अँगेला मर्केल स्वतः आल्या.

हा सगळा इतिहास दारातच तुमच्या हाताला बांधतात. ओळखपत्र दाखवलं की वयाप्रमाणे रंगाचा पट्टा मिळतो. माझा लाल. लाल लेबलचे गेम भिंतीआड ठेवलेले असतात, पडदाही बाहेरून दिसत नाही. दारावरचा पोरगा तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघतो. मी मात्र साध्या 'सिल्कसाँग'च्या रांगेत होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या माणसांनी बनवलेल्या या गेमची घोषणा २०१९ साली झालेली. जगभरचे चाहते साडेसहा वर्षं वाट बघत होते. आदल्याच दिवशी तारीख जाहीर झाली होती, ४ सप्टेंबर. दोन आठवडे थांबलो असतो तर घरी चहा पीत खेळता आलं असतं. तरी उभा राहिलो. पंढरीला जाणाऱ्याला घरातच विठोबाची तसबीर आहे, हे माहीत असतंच की.

या जागेबद्दल एक गोष्ट तिथल्या कुठल्याही झगमगत्या पडद्यावर दिसत नाही. १९४०च्या मे महिन्यात नाझी राजवटीने सुमारे एक हजार सिंती आणि रोमा लोकांना कोलोनच्या याच मेळा-मैदानावर कोंडलं आणि शेजारच्या डॉइट्झ स्टेशनातून पोलंडकडे पाठवलं. १९४१च्या ऑक्टोबरपासून ज्यू कुटुंबांच्या गाड्याही तिथूनच सुटल्या. पुढे इथे बुखेनवाल्ड छळछावणीची शाखा होती. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० साली त्या रोमा-सिंती लोकांच्या वाटेवर, शहरभर, रंगाने अक्षरांची एक रेघ ओढली होती. तिच्यातूनच पुढे युरोपभरच्या फुटपाथांवर बसवलेल्या पितळी स्मरणदगडांची कल्पना निघाली.

आता यात गेमचा काय संबंध? जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे. चित्रपटाला, नाटकाला, इतिहासाच्या पुस्तकाला त्यातून सूट होती, गेमला मात्र व्यवहारात नव्हती. गेम ही कला नव्हे, खेळणं, असं त्यामागे गृहीत होतं. ऑगस्ट २०१८मध्ये हे बदललं. प्रत्येक गेमचा संदर्भ तपासून सूट देता येईल, असं वयाची लेबलं देणाऱ्या संस्थेने जाहीर केलं. कुटुंबमंत्र्यांनी यावर नाराजी व्यक्त केली. पण त्याच महिन्यात गेम्सकॉममध्ये बर्लिनच्या एका छोट्या स्टुडिओने 'थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स' मांडला. त्यात तुम्ही हिटलरच्या बर्लिनमधले साधे नागरिक असता. पत्रकं वाटायची, लोकांना लपवायचं, आणि पकडलं जायचं नाही. ज्या जागेवरून माणसांना गाड्यांत भरलं, तिथे पंचविशीतली पोरं उभी राहून 'मी त्या वेळी काय केलं असतं' हे बटणं दाबत विचारत होती. गेमला काय जमतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. पुस्तक वाचताना आपण बघे असतो, इथे निर्णय आपल्या नावावर लागतो.

मी जत्रेत होतो तो दिवस शुक्रवार, २२ ऑगस्ट. दुपारी फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. "अरे, सरकारने गेम बंद केले म्हणे. तू तिकडे काय करतोयस?" त्याच आठवड्यात आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला होता आणि त्याच दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे गेम. ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिली. पण काकांपर्यंत पोचला तो एकच शब्द, गेम. त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे पत्त्यांच्या अ‍ॅपवर पगार उडवणारा आणि 'सिल्कसाँग' खेळणारा एकाच शब्दात बसतात. २०१९ साली राजकोटमध्ये 'पबजी' खेळतात म्हणून पोलिसांनी पोरांना अटक केली होती, हेही त्याच एका शब्दाचं काम.

मी रांगेतूनच काकांना लांबलचक मेसेज लिहिला. पैशांचे गेम वेगळे, हे वेगळे, आणि लेबलांचे पाच रंग कसले. खाली मनगटावरच्या पट्ट्याचा फोटो जोडला. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "बरं. मग आपल्या धाकट्याला यातला कुठला चालेल? चौदा पूर्ण झालीत त्याला."

जर्मनीला 'रिव्हर रेड'पासून या प्रश्नापर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली. काका एका दुपारीत आले. मी उत्तर लिहिलं, "हिरव्यापर्यंत सगळे, काका. निळे दोन वर्षांनी."