चिमुकल्या टेबलाचा इतिहास

सिंहासनाला इतिहास असतो, रणभूमीला असतो, रंगभूमीला तर असतोच असतो. कचेरीतील टेबलाच्या नशिबी मात्र फाइलींचे गठ्ठे, चहाच्या कपाने उमटवलेली वर्तुळे आणि निवृत्तीच्या दिवशी ठेवला जाणारा एक हार, एवढेच लिहिलेले असते. केंद्र सरकारच्या दिल्लीतील एका कचेरीत गेली दहा-बारा वर्षे अशाच एका टेबलाशी बसणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे एका टेबलाचे दैव निराळे निघाले. त्या टेबलामागे उभे राहून आजवर एक हजाराहून अधिक गायक-वादक मंडळींनी आपली कला सादर केली. त्या टेबलाची ही हकीकत आहे.

हकीकतीचा आरंभ एका गैरसोयीतून झाला. टेक्सास राज्यातील ऑस्टिन या शहरी दर वर्षी मार्च महिन्यात ‘साउथ बाय साउथवेस्ट’ नावाचा मोठा उत्सव भरतो. शहरातील लहानमोठ्या पानगृहांतून त्या दिवसांत गाणेबजावणे चालते. २००८ साली ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ या संस्थेचे बॉब बॉयलन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन थॉम्प्सन हे लॉरा गिब्सन या ऑरेगॉनच्या गायिकेचे गाणे ऐकण्यास तेथे गेले. तिचा आवाज अतिशय मृदू, आणि पानगृहातील गलबला तर विचारूच नये. गाणे समोर चालले होते, पण कानांपर्यंत पोचत नव्हते. ते संपल्यावर थॉम्प्सन तिला थट्टेने म्हणाले की, यापेक्षा आमच्या कचेरीत येऊन बॉबच्या टेबलाशी गायलात तर बरे! अशा थट्टा बहुधा तेथल्या तेथेच विरून जातात; ही विरली नाही. काही आठवड्यांतच, एप्रिल २००८ मध्ये, गिब्सनबाई गिटार घेऊन खरोखरच त्या कचेरीत दाखल झाल्या. बॉयलन यांच्या टेबलाशी त्या गायल्या, ते ध्वनिचित्रमुद्रित झाले आणि ‘टायनी डेस्क कॉन्सर्ट’ या मालिकेचा मुहूर्त झाला.

‘टायनी डेस्क’ म्हणजे चिमुकले टेबल. पण हे नाव केवळ टेबलाच्या आकारावरून पडलेले नाही. तरुणपणी बॉयलन ‘टायनी डेस्क युनिट’ नावाच्या एका वाद्यवृंदात सिंथेसायझर वाजवीत असत. १९८० साली वॉशिंग्टनमध्ये ‘नाइन थर्टी क्लब’ हे पुढे नावारूपास आलेले संगीतगृह उघडले, त्याच्या पहिल्याच रात्री हा वृंद वाजला होता. वृंद फार काळ टिकला नाही. बॉयलन रेडिओत नोकरीस लागले आणि तेथील बातम्यांच्या मुख्य कार्यक्रमाचे संचालन त्यांनी अनेक वर्षे केले. नोकरीत शिरताना माणूस आपली जी हौस दाराबाहेर ठेवून येतो, ती अनेक वर्षांनी त्याच्या टेबलापाशी परत आली, ही गोष्ट मला या इतिहासात विशेष हृद्य वाटते.

ज्या संस्थेत हे घडले तिचाही थोडा विचार केला पाहिजे. १९६७ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचा कायदा केला आणि त्यातून १९७० साली नॅशनल पब्लिक रेडिओची स्थापना झाली. हे सरकारी खाते नव्हे, आणि जाहिरातींच्या जोरावर चालणारा धंदाही नव्हे. श्रोत्यांच्या देणग्या, केंद्रांच्या वर्गण्या, पुरस्कर्त्यांचे साहाय्य आणि सरकारी अनुदानाचा अल्पसा अंश यांवर तिचा संसार उभा राहिला. तिकीट विकायचे नाही आणि सभागृह भरायचे नाही, अशा ठिकाणीच कुजबुजल्यासारखे गाणाऱ्या गायिकेला बोलावण्याची थट्टा खरी होऊ शकते.

आता त्या खोलीतील व्यवस्था पाहू. टेबलामागे ग्रंथांची व ध्वनिमुद्रिकांची फडताळे आहेत. येऊन गेलेली मंडळी काही ना काही खूण मागे ठेवून जातात, तीही त्यांवर मांडलेली असते. समोर दाटीवाटीने उभे राहणारे श्रोते म्हणजे मुख्यतः त्याच कचेरीतील नोकर आणि त्यांचे पाहुणे. या खोलीचा महत्त्वाचा दंडक असा की, गायकाचा आवाज तेथे कर्ण्यातून मोठा केला जात नाही. एक लांबट मायक्रोफोन तो टिपून घेतो, पण तो केवळ मुद्रणासाठी. खोलीत मात्र आवाज आहे तेवढाच ऐकू येतो. त्यामुळे ड्रम वाजवणाऱ्याला हात आवरावा लागतो. कधी काठ्यांऐवजी कुंचले घ्यावे लागतात, कधी ड्रमवर कापड टाकावे लागते. गायकाच्या आवाजाची पातळी हीच सर्वांची पातळी ठरते.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीच्या काळात आपल्या नाट्यगृहांतून कर्णे नव्हते, आणि घरगुती बैठकीत तबलजीचा हात गवयाच्या गळ्याकडे पाहूनच चालत असे. पण एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मायक्रोफोनची कामे दोन: एक आवाज मोठा करण्याचे, दुसरे तो जपून ठेवण्याचे. पहिल्या कामाने कलावंत व श्रोता यांमधील अंतर वाढत गेले. चिमुकल्या टेबलाने पहिले काम नाकारले आणि दुसरे तेवढे ठेवले. म्हणून खोलीतील पन्नासशंभर माणसांची बैठक बैठकच राहिली, आणि तरीही ती जगभर पोचली.

या दंडकाचा कस २०१४ साली लागला. टी-पेन हा गायक ‘ऑटो-ट्यून’ या यंत्रासाठी प्रसिद्ध होता, किंबहुना बदनाम होता. हे यंत्र गळ्यातून निघालेला स्वर सुधारून घेते. तेव्हा या गृहस्थाला गाता येते की नाही अशी शंका लोक उघडपणे घेत. त्या वर्षी तो एकाच कीबोर्डवादकाच्या साथीने टेबलामागे बसला आणि यंत्रावाचून गायला. आवाज भरदार होता, सुरेल होता. यंत्र हे त्याचे व्यंग झाकण्याचे साधन नव्हते, तो त्याने आपखुशीने घेतलेला रंग होता, हे त्या काही मिनिटांत सर्वांना कळून चुकले.

२०१५ पासून एक स्पर्धाही सुरू झाली. ज्यांचा कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करार नाही अशांनी आपले गाणे चित्रित करून पाठवावे. अट एवढीच की, त्यात कोठेतरी एक टेबल दिसले पाहिजे. २०१६ मध्ये हजारो प्रवेशिकांतून मिनेसोटातील डुलुथ गावच्या गेलिन ली यांची निवड झाली. जन्मजात अस्थिभंगुरतेमुळे त्यांना चाकांच्या खुर्चीत बसावे लागते. व्हायोलिन खांद्यावर धरणे अशक्य, म्हणून त्या ते चेलोसारखे उभे धरून वाजवतात. पुष्कळ रंगमंचांना पायऱ्या असतात. टेबलाला पायऱ्या नसतात.

अशा रीतीने या टेबलाशी कोण कोण आले! यो-यो मा हे चेलोवादक बाख वाजवून गेले. ब्रुकलिनचा ‘रेड बरात’ हा वृंद २०१२ साली सनी जैन यांच्या ढोलासह आला आणि त्या कचेरीत पंजाबी वरातीचा थाट उडाला. २०१९ मध्ये मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’मधील बाहुल्या गाऊन गेल्या. २०२४ मध्ये काट्रिएल आणि पाको आमोरोसो हे आर्जेंटिनाचे दोघे तरुण स्पॅनिश भाषेत गायले. त्यांचे नाव आपल्या देशाबाहेर खऱ्या अर्थाने पसरले ते त्यानंतर.

कामाच्या दिवसात गाण्यासाठी थोडा अवकाश काढण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनची नाट्यगृहे व संगीतगृहे बंद झाली, तेव्हा पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबर १९३९ रोजी नॅशनल गॅलरीत दुपारच्या जेवणाच्या वेळी मैफली सुरू केल्या. चित्रे सुरक्षित स्थळी हलवलेली, भिंती रिकाम्या, तिकीट एक शिलिंग. बाँबवर्षावाच्या दिवसांत मैफली तळघरात गेल्या, पण थांबल्या नाहीत. एप्रिल १९४६ पर्यंत त्यांची संख्या १,६९८ झाली. बाँबने जे साधले नाही ते मार्च २०२० मध्ये एका अदृश्य विषाणूने साधले. वॉशिंग्टनची कचेरी ओस पडली आणि टेबल मुके झाले. पण मालिका खंडित झाली नाही. कलावंत आपापल्या घरी, स्वयंपाकघरात, माडीवर, मिळेल ते टेबल पुढ्यात घेऊन गाऊ लागले. टेबल ही वस्तू नसून एक मर्यादा आहे, आणि ती कोठेही पाळता येते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

यापुढचा इतिहास तितका निर्वेध नाही. कीर्ती वाढली तसे मोठमोठे तारे तेथे येऊ लागले, साथीदारांची गर्दी वाढली, आणि नव्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रसिद्धीचे ते एक ठाणे होऊन बसले. २०२३ मध्ये कोरियाने आणि २०२४ मध्ये जपानने आपापली चिमुकली टेबले मांडली. त्याच २०२३ साली बॉयलन संस्थेतून निवृत्त झाले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक ध्वनिक्षेपणासाठी पूर्वी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर रद्द केले. त्याचा मोठा घाव लहान गावांतील केंद्रांवर पडला. ज्या व्यवस्थेने नफ्याचा हिशेब न मांडता मृदू आवाजाला जागा दिली, तीच क्षीण झाली तर पुढची लॉरा गिब्सन कोणाच्या टेबलाशी गाईल? प्रसिद्ध माणसांना टेबले मिळतीलच. प्रश्न आहे तो अप्रसिद्धांचा.

हे सारे लिहिण्याचे धाडस मी ज्या प्रसंगामुळे केले तो सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या अधीक्षकांचा निरोपसमारंभ झाला. हार, समोसे, भाषणे हे सर्व रीतीप्रमाणे पार पडले. मग कोणीतरी आग्रह केला म्हणून आवक-जावक विभागातील एक कुमाऊँनी गृहस्थ टेबलाच्या कडेला हात टेकून गाऊ लागले. मायक्रोफोन नव्हता. पंखे बंद करावे लागले. शब्द मला कळले नाहीत, पण कोणीतरी डोंगर उतरून दूर निघाले आहे एवढे कळले; गाव सोडून आलेल्या माणसाला तेवढे पुरते. आठ वर्षे रोज माझी पत्रे त्यांच्या हातून बाहेर जात होती. ते गातात, हे मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नव्हते याचे कारण, मी कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पत्रे घेऊन मी त्यांच्या टेबलाशी गेलो, तेव्हा नोंदवही पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबलो. त्यांनी वर पाहिले. “कालचे ते गाणे कशाचे हो?” मी विचारले. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला बसायला खुर्ची दिली.