किल्टचा टाका

दरवर्षी 29 जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात सैन्याची पाईपवादक पथके संचलन करीत येतात, तेव्हा बघ्यांच्या गर्दीतून कोणीतरी हे वाद्य मूळचे स्कॉटलंडचे असल्याचे सांगतो, आणि ओघानेच तिकडल्या पुरुषांच्या घागऱ्याचा विषय निघतो. ‘हजारो वर्षांचा पोशाख आहे तो!’ असे एका सहकाऱ्याने मला मोठ्या अधिकारवाणीने ऐकविले होते. त्या पोशाखाचे मूळ जुने आहे यात शंका नाही. परंतु आज आपण ज्याला किल्ट म्हणतो तो सुईने घडविलेला आहे, आणि ती सुई त्याला फार उशिरा लागली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील पुरुष जे वस्त्र वापरीत, ते शिवण्याचे नव्हतेच, नेसण्याचे होते. हातमागाचा पन्हा अरुंद असल्यामुळे दोन पट्टे काठाला काठ लावून जोडीत, एवढीच काय ती शिलाई. मग चौकटीचे ते लांबरुंद लोकरी कापड चुणून कमरेभोवती घ्यायचे, वरून पट्टा आवळायचा, आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. रात्री तेच पांघरूण. नऊवारीच्या निऱ्या पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. घडी रोज नवी, आणि ती घालणारी बोटे हाच शिंपी.

पुढे या वस्त्राचा वरचा अर्धा भाग गळाला आणि कमरेखालचा तेवढा उरला. हे कोणी केले याविषयी मोठा वाद आहे. 1785 साली छापून आलेल्या एका पत्रात त्याचे श्रेय टॉमस रॉलिन्सन या लँकाशायरच्या इंग्रज कारखानदाराला दिले आहे. लोखंडाच्या भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांना तो घोळ अडचणीचा होई, म्हणून त्याने तो कापविला, अशी ती हकीकत. स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख इंग्रजाने निर्माण केला, हे ऐकून कोणत्या स्कॉट माणसाचे पित्त खवळणार नाही? ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने 1983 साली हीच हकीकत पुन्हा मांडली, तेव्हा वाद अधिकच पेटला. मला स्वतःला हा वाद थोडा गौण वाटतो. कापड अर्धे करणे हे कात्रीचे काम. किल्ट घडला तो टाक्याने.

16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर डोंगरी टोळ्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी पार्लमेंटने त्यांचा पोशाखच बेकायदा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे सागरापार हद्दपारी. याच काळातील एका खटल्याची नोंद कर्नल डेव्हिड स्ट्युअर्ट यांच्या 1822 मधील ग्रंथात आहे. मॅकॲल्पिन नावाचा एक इसम किल्ट घातल्याबद्दल पकडला गेला. परंतु आपले वस्त्र मधोमध शिवलेले आहे हे त्याने दाखवून दिले आणि तो सुटला. दोन पायांच्या मधल्या चार टाक्यांनी घागऱ्याची विजार झाली! नियमांच्या शब्दांवरच ज्यांचा दिवस जातो, अशा आम्हा कारकुनांना या निकालाची खुमारी अधिक कळावी.

त्या कायद्यातून सैनिक मात्र वगळलेले होते. इंग्रजांच्या सैन्यातील डोंगरी पलटणी उघडपणे किल्ट घालीत राहिल्या. जितांचे वस्त्र जेत्यांच्या फौजेत जिवंत राहिले, आणि त्याच फौजेने ते देशोदेशी नेले. 1782 साली बंदी उठली. शिवलेल्या चुण्यांचे जे सर्वांत जुने किल्ट आज शिल्लक आहेत, ते 1790 च्या दशकातले आणि लष्करीच आहेत. गणवेश म्हटला की शंभर माणसे एकसारखी दिसली पाहिजेत. रोज बोटांनी घातलेल्या चुण्या एकसारख्या कशा येणार? त्या टाक्यांनी पक्क्या करणेच सोयीचे होते. असईच्या रणात, आजच्या जालना जिल्ह्यात, 1803 साली शिंदे-भोसल्यांच्या फौजांपुढे उभ्या राहिलेल्या 74 व्या आणि 78 व्या पलटणी याच परंपरेतल्या. पुढे 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा थाट मांडला आणि किल्टला दरबारी प्रतिष्ठा मिळाली.

ही शिलाई करतात तरी कशी? किल्टला सुमारे आठ वार कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे चार वार घेऊन ते लांबीत दुभागतात आणि दोन्ही तुकड्यांचा सांधा एखाद्या चुणीच्या पोटात लपवितात. खालची कड दुमडून शिवीत नाहीत. विणतानाच आलेला पक्का काठ तसाच ठेवतात. मागच्या चुण्या पंचवीस-तीस. घरगुती किल्टात चौकटीची नक्षी चुण्या घातल्यावरही अखंड दिसावी अशी मोजणी करतात. पलटणीच्या किल्टात बहुधा प्रत्येक चुणीवर एकच उभा पट्टा आणतात. कंबर ढुंगणापेक्षा लहान, म्हणून प्रत्येक चुणी वर निमुळती करीत शिवायची. ती एका धाग्याने चुकली, तर तिसाव्या चुणीपर्यंत नक्षी वाकडी झालीच. हे टाके इतके बारीक की बाहेरून दिसू नयेत. यंत्राची टीप मात्र दिसते. आतून कॅनव्हास, त्यावर अस्तर. सारे मिळून वीस-पंचवीस तासांचे काम.

2021 साली ब्रिटनमधील धोक्यात आलेल्या हस्तव्यवसायांच्या यादीत किल्टची शिलाई दाखल झाली. त्याआधी 2001 मध्येच अमेरिकेतील बार्बरा ट्यूक्सबरी यांनी एल्सी स्ट्यूमायर यांच्यासह या शिलाईवर एक सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले होते. ट्यूक्सबरी या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका. स्ट्यूमायर ग्लासगोत हे काम शिकलेल्या. त्या पुस्तकावरून कित्येकांनी घरच्या टेबलावर किल्ट शिवले.

सर्वांत शेवटी कच्चे टाके उसवतात. ते चुण्यांवर आडवे, लांब, पांढऱ्या दोऱ्याचे असतात, आणि इस्त्री होईपर्यंत काढावयाचे नसतात. आतले टाके मात्र तसेच राहतात. पुढे बापाचा किल्ट मुलाकडे आला आणि त्याची कंबर वेगळी निघाली, तर तेवढेच उसवून पुन्हा घालतात.