भिंतींवर न तोललेली इमारत

मुंबईत काळ्या घोड्याजवळ, सत्र न्यायालयाच्या शेजारी उभ्या असलेल्या एस्प्लनेड मॅन्शनबद्दल, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन्स हॉटेलबद्दल, लिहायला बसलेला माणूस बहुधा तीन गोष्टी सांगतो. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. त्याच वर्षी जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला. आणि जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीला आधार सापडत नाही, आणि एका अपमानापोटी कोणी एवढे मोठे हॉटेल काढेल हे व्यवहारालाही धरून नाही. पण खऱ्या असोत वा रचलेल्या, या गोष्टी इमारतीच्या फारशा कामाच्या नाहीत. चित्रपटाचे खेळ आठवडाभरातच नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले; ट्वेन दुसरीकडे उतरला असता तरी त्याने मुंबईच्या कावळ्यांबद्दल तेवढेच लिहिले असते. पाहुण्यांच्या मोठेपणावर वास्तूचे मोल ठरवले, की पाहुणे गेल्यावर वास्तू पाडायला हरकत उरत नाही. या इमारतीची खरी बाजू तिच्या हाडांत आहे, आणि तिचे वैभव, तिची दुर्दशा आणि तिच्या बचावाची शक्यता ही तिन्ही त्या हाडांवरूनच समजतात.

तिच्या जन्माचा काळ काही ठिकाणी 1860 ते 1863 असा छापलेला दिसतो. तो पटत नाही. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले 1862 मध्ये. कोटाचे तट उतरले आणि एस्प्लनेडच्या मैदानावरचे भूखंड विक्रीला निघाले ते त्यांच्या कारकिर्दीत. मग त्या आधीच इथे पाया कसा खणला जाईल? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची गरज पडली, शहरात पैशाचा पूर आला, आणि त्या तेजीत जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने इथली जागा घेतली. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरबाजारात भलेभले बुडाले. तरीही 1867 ते 1871 या काळात वॉटसनने इमारत उभी केली. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात तो होता, सेंट पँक्रास स्टेशनच्या अजस्र छपरातही त्याचा हात होता. डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत लोखंडी भाग तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि इथे एकमेकांना जोडले गेले. हॉटेल सुरू झाले तेव्हा आजूबाजूला काय होते? डेव्हिड ससून ग्रंथालय नुकतेच, 1870 मध्ये, पुरे झाले होते. जुने सचिवालय 1874 चे, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय 1878 चे. आज या सगळ्या दगडी गॉथिक इमारतींच्या गर्दीत वॉटसन्स उपरी वाटते, पण यातल्या बहुतेकींच्या आधी ती इथे आहे.

शेजारणींशी तिचा फरक नुसता साहित्याचा नाही. कुर्ल्याच्या किंवा मालाडच्या दगडाच्या इमारतीत भिंतच छप्पर पेलते; खालचा मजला जाड, वरचा पातळ, आणि खिडकी म्हणजे त्या भिंतीला पाडलेले भोक. वॉटसन्समध्ये बिडाचे खांब आणि घडीव लोखंडाच्या तुळया मिळून एक पूर्ण सांगाडा होतो. वजन तोच पेलतो, वाऱ्याचा रेटाही तोच सोसतो. विटांच्या भिंती मधल्या चौकटी भरण्यापुरत्या. म्हणून तर दर्शनी बाजूने मजल्यामागून मजला सज्जांच्या रांगा निघू शकल्या आणि मध्ये काचेच्या छताखाली मोठे दालन मोकळे ठेवता आले. त्या काळच्या लोकांना हा सांगाडा अजस्र पिंजऱ्यासारखा दिसला. उपमा चेष्टेची असली तरी रचनेचे वर्णन म्हणून अचूक आहे. तिच्या कौतुकात मात्र अतिशयोक्ती नको. जगातली सर्वांत जुनी बहुमजली लोखंडी सांगाड्याची इमारत असा तिचा गौरव होतो, तो टिकणारा नाही. इंग्लंडमध्ये शीअरनेसच्या गोदीतले चार मजली बोट स्टोअर 1860 मध्येच पुरे झाले आणि ते उभे आहे. पण ते आरमाराचे कोठार होते. लोकांच्या राहण्यासाठी, दुकानांसाठी, शहराच्या मध्यवस्तीत हेच तत्त्व इतक्या लवकर वापरलेले फार थोड्या ठिकाणी दिसेल. पॅरिसजवळचा मेनिए चॉकलेटचा प्रसिद्ध कारखाना यानंतरचा, आणि शिकागोतल्या पोलादी सांगाड्याच्या इमारती तर दीडएक दशकाने आल्या.

भिंत भार घेत नसेल तर ती कुठेही घालता येते आणि काढताही येते. वॉटसन्सच्या पुढच्या आयुष्याचे सगळे इंगित यात आहे. 1903 मध्ये ताज उघडले आणि हॉटेलचा दिमाख ओसरत गेला. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांची कार्यालये झाली. न्यायालय शेजारीच असल्याने वकिलांची चेंबर्स आली, टंकलेखक आले, तळमजल्यावर दुकाने आली. दालने कापून केबिन काढल्या गेल्या, पोटमाळे चढले, सज्जे बंद झाले. गॉथिक इमारतीत एवढे फेरफार करायला कोणी धजावले नसते. इथे सांगाड्याने सगळे निमूटपणे सोसले. पण सोसण्यालाही मर्यादा असते. वजन वाढत गेले, समुद्राची हवा आणि झिरपणारे पाणी घडीव लोखंडाला गंजवत राहिले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला जागा सोडण्यात. 2005 च्या जुलैत इमारतीचा एक भाग कोसळून माणूस दगावला. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी झाली. मुंबई आयआयटीच्या तज्ज्ञांनी ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचा निष्कर्ष काढला, तर संवर्धनाच्या क्षेत्रातल्या अभियंत्यांनी आणि वास्तुविशारदांनी ती वाचवता येते असे मत दिले.

ती वाचवू नये म्हणणाऱ्यांचा एक आक्षेप असा, की ही इंग्लंडात ओतलेली, इंग्रज व्यापाऱ्याने साहेबांच्या सोयीसाठी आणलेली वस्तू. तिच्यात आपले काय? पण ज्या तेजीवर ती उभी राहिली ती वऱ्हाड-गुजरातच्या कापसाची होती, आणि हॉटेल बंद पडल्यावर तिने वर्षानुवर्षे मुंबईच्या वकील-कारकुनांना छप्पर दिले. हा आक्षेप मानायचा तर बोरीबंदरापासून सुरुवात करावी लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बीड दाबाला बळकट पण ताणाला कच्चे. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकते. त्याला वेल्डिंगने सांधणे अवघड. गंजलेले इतके भाग बदलावे लागतील, की शेवटी उरेल ती नवी इमारत, जुन्याची नक्कल. दगडी शिल्पाबाबत हा मुद्दा निरुत्तर करणारा ठरला असता. इथे तो अर्धाच लागू पडतो, कारण ही इमारत मुळातच सुट्या भागांची आहे. एकाच साच्यातून निघालेले, परस्परांच्या जागी बसू शकणारे भाग जहाजातून आणून जुळवणे हीच तिची बांधणी होती. खराब तुळई काढून तशीच दुसरी बसवणे तिच्या मूळ तत्त्वाला धरूनच आहे. उलट नंतर घुसवलेल्या भिंती, पोटमाळे, टाक्या उतरवल्या तर सांगाड्यावरचा भार घटेल आणि कोणते खांब अजून धड आहेत हेही डोळ्यांनी तपासता येईल. माणसे आत असताना अशी तपासणी अर्धवटच होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, की हा खर्च कोणी करायचा? लोखंडी सांगाड्याची दुरुस्ती स्वस्त नाही, आणि गोठलेल्या भाड्यावर जगणाऱ्या मालकाकडून ती होणार नाही हे गेल्या काही दशकांत पुरते दिसले आहे. उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती बघणारे मंडळ राहत्या चाळी डोळ्यांपुढे ठेवून बनले आहे. तिथल्या दुरुस्तीचे ठरीव दर लाकडी तुळयांच्या आणि विटांच्या घरांना पुरतात, ऑर्डिशच्या जोडणीला नाही. त्यामुळे अशा वास्तूसाठी वेगळी आर्थिक सोय लागेल: हक्काच्या चटईक्षेत्राच्या बदल्यात विकासहक्क इतरत्र वापरू द्यायचे, किंवा सरकारने ती सरळ ताब्यात घ्यायची. पहिल्या वाटेत भाडेकरूंच्या पुनर्वसनाचा तिढा आहे, दुसऱ्या वाटेत सरकारी दिरंगाईची भीती. मला दुसरी वाट बरी वाटते, कारण सांगाडा उघडा करून तपासायचा तर आधी तो एकाच धन्याच्या हातात यायला हवा.